चार काडतुसं, चार लोड: हँडलोडिंगच्या नोंदी, मार्च ते सप्टेंबर २०२५

१ मार्च

या सीझनला चार काडतुसांचे लोड (कुठली बुलेट, कुठली आणि किती पावडर, कुठला प्रायमर याचा मेळ) नक्की करून टाकायचे आहेत. २२३ रेमिंग्टन, ६.५ क्रीडमोर, ३०८ विंचेस्टर, आणि एम-१ गरँडसाठी ३०-०६ (इथले लोक थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात). २२३ म्हणजे एआर-१५ सर्व्हिस रायफल (सेमी-ऑटो), ६.५ आणि ३०८ या बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने ओढायचा), आणि गरँड म्हणजे गरँड, जुनी लष्करी रायफल. लिहून ठेवतोय कारण अटलांटाच्या आसपास आपली मराठी मंडळी आता बरीच रेंजवर दिसायला लागलीत आणि प्रत्येकजण तेच विचारतो, लोड कसा शोधायचा. एच-१बी वर असताना इथे फेडरल कायद्याने रायफल बाळगणं साधारणपणे चालत नाही, शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद सोडले तर, म्हणून बहुतेक जण ग्रीन कार्ड आल्यावरच यात पडतात आणि मग एकदम सगळं हवं असतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एका राउंडमध्ये चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला प्रायमर, आत पावडर, तोंडाला बुलेट. उडवल्यावर यातली पुंगळी उरते आणि ती पुन्हा वापरता येते. ती नीट करून, नवीन प्रायमर बसवून, पावडर मोजून, बुलेट दाबून बसवणं म्हणजे हँडलोडिंग. स्वतःच्या वापरासाठी करायला इथे फेडरल लायसन लागत नाही, विकायला निघालात तर लागतं. भारतात असं नाही, १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे दारूगोळा बनवायलाच लायसन हवं, त्यामुळे हे वाचून तिकडे कोणी घरी काही करू नका.

करायचं कशासाठी? मॅच ग्रेडचा फॅक्टरी राउंड महाग पडतो हे खरं, पण मुख्य कारण म्हणजे प्रत्येक बॅरलचं आपलं एक म्हणणं असतं आणि फॅक्टरी सगळ्यांसाठी एकच काहीतरी बनवते.

पावडरच्या वजनाचे आकडे इथे मुद्दाम टाकणार नाही. माझ्या चेंबरमध्ये (बॅरलमधली राउंड बसायची जागा), माझ्या पुंगळीत, माझ्या लॉटच्या पावडरने जे चालतं ते दुसऱ्याच्या रायफलमध्ये प्रेशर चढवू शकतं. आकडा पावडर कंपनीच्या किंवा बुलेट कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा, शक्यतो दोन ठिकाणी ताडून, आणि खालच्या टोकापासून सुरू करायचं.

८ मार्च

आजचा दिवस पुंगळ्यांचा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ३०८ च्या एकाच लॉटच्या पुंगळ्या घेतल्या, सगळ्या माझ्याच रायफलमधून उडवलेल्या. जुना प्रायमर काढला, टंबलरमध्ये फिरवल्या, लूब लावून फुल लेंग्थ डायमधून (फुगलेली पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) काढल्या, मग लांबी मोजली, जी वाढलेली ती ट्रिम केली, तोंडाच्या आतून बाहेरून कडा मोडल्या, प्रायमरचा खळगा साफ केला. ३०८ ला कमाल लांबी २.०१५ इंच आहे, ट्रिम करायची २.००५ ला. क्रीडमोरला १.९२० आणि १.९१०, २२३ ला १.७६० आणि १.७५०. लांबी कमालच्या पुढे गेली तर पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या टोकाला चिमटतं, बुलेट सुटत नाही आणि प्रेशर एकदम वर जातं. म्हणून हा आकडा शोभेचा नाही.

दुसरा आकडा खांद्याचा, म्हणजे पुंगळी तोंडाकडे जिथे निमुळती होते त्या भागाचा. राउंड उडला की पुंगळी फुगून चेंबरच्या मापाची होते. बोल्ट रायफलला खांदा फक्त २ हजारांश इंच मागे ढकलायचा, म्हणजे बोल्ट सहज लागतो आणि पितळ उगाच ताणलं जात नाही. डाय जोरात फिरवून शेल होल्डरला (प्रेसवर पुंगळी धरणारा तुकडा) टेकवायचा आणि विसरायचं, असं बरेच जण करतात, त्याने काही फेऱ्यांमध्ये पुंगळीच्या बुडाशी चकाकती रेघ येते आणि पुढे तिथूनच ती फाटते. एक वाकवलेली तार आतून फिरवून बघायची, खाच लागली की ती पुंगळी भंगारात.

वजनाने पुंगळ्या वेगळ्या करण्याचा उद्योग मी एका लॉटच्या चांगल्या ब्रासवर करत नाही. रेंजवर गोळा केलेल्या मिक्स हेडस्टॅम्पच्या (बुडावर वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के असलेल्या) असतील तर गोष्ट वेगळी, त्यात आतली जागा कमीजास्त असते आणि तीच पावडर वेगळं प्रेशर देते.

१५ मार्च

बेंच लावला. नियम एकच आहे आणि तो कोणासाठीच मोडत नाही: बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. बाकीचे कपाटात, कुलूप लावून, मूळ डब्यातच. दोन पावडरी दिसायला सारख्या असू शकतात आणि जळायला अगदी वेगळ्या. मोबाईल बाहेर, मुलगी बाहेर, टीव्ही बंद.

वजन ग्रेनमध्ये. ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, एक ग्रेन म्हणजे साधारण ६४.८ मिलिग्रॅम. सोनाराच्या काट्यावर गुंज मोजतात तसंच हे काम आहे, पंखा चालू असेल तर काटा हलतो. म्हणून गॅरेजचं दार बंद, एसी बंद, काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा आणि चेक वेटने तपासून घ्यायचा.

पावडर भरून झाल्यावर पन्नास पुंगळ्यांचा ट्रे टॉर्च मारून वरून बघायचा. सगळ्यांची पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली लगेच डोळ्यात येते. त्यानंतरच बुलेट बसवायची.

३०८ साठी निवड: १६८ ग्रेनची सिएरा मॅचकिंग, पावडर एक आयएमआर ४०६४ आणि एक व्हारगेट. १६८ मॅचकिंग जुनी आहे, तिच्यापेक्षा वाऱ्याला कमी हलणाऱ्या बुलेट आता मिळतात, पण ती जंपबद्दल (बॅरलमधल्या आट्यांना लागेपर्यंत बुलेटला जावं लागतं ते अंतर) फार नखरे करत नाही, थोडं पुढेमागे बसवलं तरी मारते. नव्या माणसाने इथूनच सुरू करावं. आपल्या सैन्याच्या एसएलआर रायफलमध्ये जी ७.६२ बाय ५१ होती तिचंच ३०८ हे सिव्हिलियन भावंड, १९५२ ला विंचेस्टरने बाजारात आणलं आणि १९५४ मध्ये नाटोने ७.६२ स्वीकारली.

२२ मार्च

प्रेशरची चाचणी. दोन्ही पावडरींचे मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यापासून ०.३ ग्रेनने वर जाणारे राउंड, प्रत्येक पायरीला एकच. ग्रुप (कागदावर भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली) बघायचा नाही, फक्त वेग आणि पुंगळी. साॅमीचं (अमेरिकेतली दारूगोळ्याची मानकं ठरवणारी संस्था) ३०८ चं कमाल प्रेशर ६२,००० पीएसआय आहे, २२३ चं ५५,०००, ३०-०६ चं ६०,०००. हे मोजायचं यंत्र घरी नसतं. म्हणून सगळे पुंगळीकडे बघतात: प्रायमर सपाट झालाय का, बुडावर इजेक्टरचा चकाकता ठसा आलाय का, बोल्ट उचलायला जड जातोय का. पण ही चिन्हं उशिरा येतात हे लक्षात ठेवा. ती दिसेपर्यंत बऱ्याच वेळा तुम्ही हद्द ओलांडलेली असते. माझा जास्त भरवसा क्रोनोग्राफवर, म्हणजे बुलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर आहे. मॅन्युअल म्हणतंय की कमाल लोडला या लांबीच्या बॅरलमधून इतका वेग मिळेल, आणि तुम्हाला तो वेग आधीच मिळाला, तर तुमचं प्रेशरही आधीच तिथे पोचलंय. फुकटचा वेग नसतो.

क्रोनोग्राफबद्दल एक. आता गार्मिनचा छोटा रडारवाला बेंचवर बाजूला ठेवला की काम झालं. पूर्वी बॅरलला पट्ट्याने बांधायचा प्रकार वापरायचो, वेग अचूक यायचा पण बॅरलला वजन लटकल्यामुळे मार बदलायचा, म्हणजे वेग आणि ग्रुप एकदम तपासता यायचे नाहीत.

दोन्ही पावडरींमध्ये कमालच्या बरंच खाली थांबलो. १०० यार्डांवर कागदाला भोक पाडायला शेवटचे ४० एफपीएस (फूट प्रति सेकंद) लागत नाहीत.

२९ मार्च

आजची चाचणी मला फार दिवसांपासून करायची होती.

लोड शोधायची जी पद्धत सगळीकडे सांगितली जाते ती अशी: पावडर थोडी थोडी वाढवत पाच-सहा पायऱ्या करा, प्रत्येकाच्या तीन गोळ्या मारा, सगळ्यात छोटा ग्रुप जिथे येईल किंवा वेगाचा आलेख जिथे सपाट होईल तिथे तुमचा नोड, म्हणजे पावडर जराशी इकडेतिकडे झाली तरी मार बदलत नाही अशी जागा. क्रेटन ऑडेटची लॅडर टेस्ट यातली जुनी, तिच्यात प्रत्येक पायरीला एकेकच गोळी असते आणि ती लांब अंतरावर मारतात, पुढे डॅन न्यूबेरीची ओसीडब्ल्यू (ऑप्टिमल चार्ज वेट) पद्धत आली, आणि मग दहा गोळ्यांत वेगाची सपाट जागा शोधायची पद्धत. माझा एक नागपूरकर मित्र यावर फार विश्वास ठेवतो आणि त्याचं शूटिंग माझ्यापेक्षा सरस आहे, म्हणून त्यालाच विचारलं की माझी एक चाचणी मारशील का. तो म्हणाला दे भाऊ, मारून देतो.

त्याला पाच पिशव्या दिल्या, अ ब क ड इ, प्रत्येकीत तीन राउंड. पाचही पिशव्यांमध्ये लोड तोच होता. तीच पावडर, काट्यावर तेच वजन, तीच बुलेट, एकाच बसकणीत भरलेले. त्याला आधीच सांगितलं होतं की पिशव्यांत काय आहे ते शेवटी सांगेन, त्याला चाललं.

ग्रुप आले: अ ०.४१ इंच, ब ०.८८, क ०.५७, ड ०.३६, इ ०.७९. सरासरी वेग २५८८, २६०१, २५९४, २५९२, २५८३.

तो कागद बघून लगेच म्हणाला, हे बघ ना, ड वर नोड आहे, क आणि ड मध्ये वेग पण सपाट आहे, ब एकदम वाया. मग मी सांगितलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, मग आजपर्यंत मी जे नोड काढले त्यांचं काय. त्यावर आम्ही दुपारभर बोललो. त्याच्याकडे जुन्या वह्या आहेत, त्यात तोच लोड वेगवेगळ्या दिवशी कसा आला हे बघायचं ठरलं.

३० मार्च

गुढी उभारून, श्रीखंड पुरी खाऊन दुपारी आकडेमोड केली. पाचही पिशव्यांची भोकं एकाच कागदावर ठेवून (प्रत्येक ग्रुपचा निशाणबिंदू एकावर एक आणून) पंधरा गोळ्यांचा एक ग्रुप केला, तो आला १.०८ इंच. म्हणजे ही रायफल, हा लोड आणि हा माणूस मिळून जे काही आहे ते साधारण एवढं आहे. ०.३६ पण त्याचाच तुकडा आणि ०.८८ पण त्याचाच.

गणित सरळ आहे. भोकं जर मध्याभोवती सगळीकडे सारखी नैसर्गिक पसरत असतील, तर दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या साधारण दीडपटीहून जरा जास्त मोठा येतो, आणि पाच गोळ्यांच्या सव्वापट. रायफल बदललेली नसते, फक्त तुम्ही तिला जास्त वेळा विचारलेलं असतं. आणि तीन गोळ्यांचा ग्रुप इतका हेलकावतो की एकाच लोडचा एक ग्रुप दुसऱ्याच्या दुप्पट येणं ही रोजची गोष्ट आहे.

वेगाच्या एसडीचंही (स्टँडर्ड डेव्हिएशन, वेग सरासरीभोवती किती पसरतो ते माप) तेच. पाच गोळ्यांवर एसडी १० आली तर खरी एसडी ६ ते २९ मध्ये कुठेही असू शकते, ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं. दहा गोळ्यांवर ७ ते १८. वीस गोळ्यांवर साधारण ७.५ ते १४.५. त्यामुळे कोणी सांगितलं की माझ्या लोडची एसडी ४ आहे, तर माझा पहिला प्रश्न किती गोळ्यांवर.

मी इथून पुढे ग्रुपच्या टोकापासून टोकापर्यंतच्या मापापेक्षा मीन रेडियस लिहिणार. प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर काढायचं आणि सरासरी घ्यायची. टोकाचं माप फक्त दोन भोकांवर ठरतं, मीन रेडियसमध्ये दहाच्या दहा भोकं बोलतात.

१२ एप्रिल

तर आता पद्धत अशी. पावडरच्या बारीक पायऱ्या बंद. मोठे फरक तपासायचे: दुसरी बुलेट, दुसरी पावडर, मग दुसरा प्रायमर. प्रत्येकाचे मध्यम लोडचे दहा राउंड. जे उघड वाईट आहे ते टाकायचं, जे बरं आहे त्याचे दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. लोड सापडतो असं म्हणतात पण खरं तर वाईट लोड बाहेर काढत गेलं की जो उरतो तो.

३०८ चा निकाल: ४०६४ आणि व्हारगेट दोन्ही मीन रेडियस ०.३३ ते ०.३६ इंच, म्हणजे फरक नाही. बुलेट बदलून एक स्वस्तातली १५० ग्रेनची मारली, मीन रेडियस ०.६२. दहा गोळ्यांत एवढा फरक दिसला की पुन्हा विचारायची गरज नाही, गेली ती. इथेच सगळा धडधडीत फरक असतो, बुलेटमध्ये. ०.१ ग्रेन पावडर इकडे तिकडे केल्याने जे होतं ते मोजायला शेकडो गोळ्या लागतील आणि तोपर्यंत बॅरल झिजेल.

व्हारगेट निवडली. कारण अचूकता नाही, ती उन्हाळ्यात कमी बदलते हे कारण. बुलेट आट्यांपासून ४० हजारांश इंच मागे आणि २० हजारांश मागे अशी दोन्ही मारून बघितली, काही फरक नाही. मॅगझिनमध्ये बसेल अशा २.८०० इंच एकूण लांबीला ठेवली.

२६ एप्रिल

६.५ क्रीडमोर. याबद्दल लिहायला फार नाही आणि हेच याचं कौतुक आहे. हॉर्नडीने २००७ च्या सुमारास मुळात टार्गेटसाठीच आखलेलं काडतूस, लांब बुलेटसाठी पुरेशी जागा, १:८ ट्विस्ट (बॅरलमधले आटे ८ इंचात बुलेटला एक पूर्ण गिरकी देतात). एच-४३५० आणि १४० ग्रेनची ईएलडी मॅच, अर्ध्या अमेरिकेचा हाच लोड आहे. माझ्या रायफलला पहिल्याच दहा गोळ्यांत मीन रेडियस ०.२६, पुन्हा दहा, ०.२८. दुसरी बुलेट म्हणून १४७ मारली, ०.३०. वेगळं म्हणावं असं काही नाही, १४० वर थांबलो कारण तिचा लॉट मोठा मिळाला.

एकच नोंद: माझ्याकडचं ब्रास लहान प्रायमरचं आहे. हे ब्रास बुडाला टिकाऊ असतं पण काही रायफलींची फायरिंग पिन त्याला जाड पडते. पुंगळ्या विकत घेताना लहान की मोठा प्रायमर हे बघूनच घ्या, दोन्ही प्रकार एकाच डब्यात मिसळले तर प्रेसवर भांडण होतं.

१० मे

२२३. इथे खरी मर्यादा मॅगझिनची, राउंडची लांबी २.२६० इंच. ७७ ग्रेनची मॅचकिंग त्यात बसते, आणि तिला १:८ किंवा त्याहून घट्ट ट्विस्ट लागतो. माझा १:७ आहे. जुन्या १:१२ च्या बॅरलमधून ७७ मारली तर ती स्थिर होत नाही, कागदावर गोल भोकाऐवजी आडवं लांबट भोक पडतं. लोडमध्ये काहीही बदला, ते सुधारणार नाही, आधी बॅरलवर कोरलेला ट्विस्ट वाचा.

सेमी-ऑटोमध्ये खांदा बोल्ट रायफलपेक्षा थोडा जास्त, ३ ते ४ हजारांश मागे घेतो. अचूकतेसाठी नाही, प्रत्येक राउंड पूर्ण आत जायला हवा म्हणून. मीन रेडियस ०.४१ वर आला. चालेल. आणखी हट्ट धरायचा नाही.

३१ मे

गरँड. या रायफलवर माझा जीव आहे म्हणून इथे जास्त लिहितो.

जॉन गरँड या माणसाने स्प्रिंगफील्ड आर्मरीत आखली, १९३६ मध्ये अमेरिकन सैन्याने घेतली, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पायदळाची मुख्य रायफल हीच. आठ राउंडची क्लिप वरून आत दाबायची, आठवा उडाला की क्लिप टण्‌ आवाज करत बाहेर उडते. माझी सीएमपीकडून (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम) घेतलेली आहे, लाकूड जुनंच आहे.

लोड करताना गरँडला बाकीच्या ३०-०६ सारखं समजायचं नाही. हिचं गॅस पोर्ट जवळजवळ बॅरलच्या तोंडाशी आहे. तिथून गॅस ऑप रॉडला (बोल्ट मागे नेणारा दांडा) मागे ढकलतो. हळू जळणारी पावडर वापरली की बुलेट पोर्टपर्यंत पोचेपर्यंत तिथलं प्रेशर अजून चढंच असतं, ऑप रॉडला तडाखा बसतो आणि तो वाकू शकतो. चेंबरमधलं प्रेशर साॅमीच्या हद्दीत असलं तरी हे होतं. म्हणून पावडर मध्यम वेगाची, ४८९५ किंवा ४०६४ च्या घरातली, बुलेट १५० ते १६८ ची, १८० च्या आत, आणि लोड मॅन्युअलच्या गरँडसाठी वेगळ्या छापलेल्या पानावरून. साध्या ३०-०६ च्या पानावरून नाही. मूळ एम-२ बॉलचा (तेव्हाचं लष्करी काडतूस) वेग साधारण २७४० एफपीएस होता, तेवढ्या घरात राहायचं.

दुसरी गोष्ट प्रायमर. गरँडची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट पुढे आपटला की ती प्रायमरला हलकेच टोचते. प्रायमरवर ती छोटी टिंब दिसते, ते नॉर्मल आहे. पण प्रायमर बुडाच्या वर आलेला असेल किंवा फार मऊ असेल तर चाप न ओढता राउंड उडू शकतो, आणि तेव्हा बोल्ट पूर्ण लॉक झालेला नसला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून प्रत्येक प्रायमर बुडाच्या ३ ते ५ हजारांश खाली बसलाय का ते बोट फिरवून तपासतो, आणि कमी संवेदनशील, मिलिटरी स्पेकचे सीसीआय ३४ वापरतो. पुंगळ्या फुल लेंग्थ साइझ करूनच. रेंजवरचे एक रिटायर्ड मरीन आहेत, सगळे त्यांना गनी म्हणतात, त्यांनी माझे राउंड हातात घेऊन एकेक करून बुडावरून अंगठा फिरवला आणि मगच मला फायरिंग लाइनवर जाऊ दिलं. मला ते फार आवडलं.

निकाल: एच-४८९५ आणि १५५ ग्रेन मॅच बुलेट, लोखंडी साइटने (स्कोप न लावता) १०० यार्डांवर दहा गोळ्यांचा ग्रुप २.६ इंच. आणखी छोटा करता येईल का? येईल कदाचित. पण गरँड मॅच २०० यार्डांवर असते, एसआर टार्गेटची दहाची रिंग ७ इंचाची आहे, म्हणजे साधारण सव्वातीन एमओए (एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच). रायफल आत बसतेय. इथून पुढे पावडरवर वेळ घालवण्यापेक्षा स्लिंगवर आणि श्वासावर घालवणार.

२१ जून

उकाडा. दुपारी ३४ अंश. ६.५ चा तोच लोड, एप्रिलमध्ये भरलेल्यातलेच दहा, सरासरी वेग १४ एफपीएसने वाढलेला. एच-४३५० ला याबद्दल चांगलं नाव आहे आणि ते बरोबर आहे असं दिसतंय. तुलनेसाठी मित्राने त्याची जुनी बॉल पावडर ३०८ मधून मारली, तिचा वेग ५० एफपीएसहून जास्त वाढला, आणि बोल्ट जड झाला. तिथेच थांबवलं आणि उरलेले राउंड घरी नेऊन सुटे केले. हिवाळ्यात कमालच्या टोकाला लोड ठरवला की उन्हाळ्यात हे असं होतं.

त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे राउंड कुठे ठेवलेत. गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, कूलरमध्ये बर्फाशिवाय, सावलीत. आणि तापलेल्या चेंबरमध्ये राउंड ठेवून वारा थांबायची वाट बघत बसायचं नाही, पावडर तिथे शिजते आणि ती गोळी वर जाते.

२ ऑगस्ट

काल स्वप्नील कुसाळेच्या पदकाला एक वर्ष झालं. पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ, ४५१.४ गुण, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा मुलगा. माझा मावसभाऊ पुण्यात बालेवाडीला पॉइंट टूटू (.२२ रिमफायर रायफल) मारतो, त्याच्याशी फोनवर बराच वेळ बोललो. तो म्हणाला दादा तुझं बरं आहे, तू बनवतोस, आम्हाला जे डब्यात येतं तेच. आणि खरंच, रिमफायरची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, प्रायमरचा मसाला तिच्या कडेतच असतो. मग तिथली माणसं लॉट टेस्ट करतात. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा डबा, पण वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधून मारून बघायचे आणि जो जमेल त्याचा वर्षाचा साठा घ्यायचा.

मी त्याला पहिला प्रश्न तोच विचारला, एका लॉटच्या किती गोळ्या मारता. तो म्हणाला दहा-दहाचे चार ग्रुप, रायफल क्लँपमध्ये बांधून. चाळीस गोळ्या! ऑलिंपिकच्या खेळात लोक चाळीस मारून लॉट निवडतात आणि आम्ही तीन मारून नोड. त्याला मीन रेडियसची शीट पाठवून दिली.

१३ सप्टेंबर

टॅलाडेगा, अलाबामा. सीएमपीचं मार्क्समनशिप पार्क, ६०० यार्डांपर्यंत इलेक्ट्रॉनिक टार्गेट, शॉट पडला की शेजारच्या स्क्रीनवर लगेच दिसतो. खाली खड्ड्यात जाऊन टार्गेट ओढायचं काम नाही.

१०० यार्डांवर जे दिसत नाही ते इथे दिसतं. वेगात १० एफपीएसचा फरक असला तर १०० यार्डांवर उंचीत केसाएवढा फरक, पण ३०८ ला ६०० वर तोच साधारण एक इंच होतो. एसडी १० असेल तर बहुतेक गोळ्या वरखाली मिळून चार इंचात, एसडी २० असेल तर आठ इंचात, आणि हे रायफलच्या स्वतःच्या पसरण्याच्या शिवाय. दहाची रिंग १२ इंच, तिच्या आतली एक्सची रिंग ६ इंच. म्हणजे लांब अंतरासाठी एसडीला किंमत आहे, जवळच्यासाठी नाही. उगाच सगळ्यांनी त्यामागे लागू नये.

३०८ ची एसडी आत्तापर्यंतच्या सगळ्या गोळ्या मिळून ११, ६.५ ची ९. ६.५ ने वीसपैकी बहुतेक दहामध्ये, उभा पसारा साडेसहा इंच. आडवा त्याहून जास्त, तो वारा. ३०८ चा उभा साडेआठ. दोन्ही अपेक्षेप्रमाणेच आले, मार्च-एप्रिलच्या कागदांवरून जेवढं गृहीत धरलं होतं तेवढंच, आणि याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. छोट्या ग्रुपवर लोड ठरवला की ६०० वर माणूस वाऱ्याला, स्कोपला, प्रायमरला शिव्या देत बसतो कारण घरी ०.३६ पडलं होतं.

नागपूरकर मित्रानेही आज दहा-दहाचेच मारले. जुन्या वह्या तपासून झाल्यात त्याच्या. त्याच्या ३०८ चा लाडका नोड आणि त्याने टाकून दिलेला लोड, दोन्हींचे सगळे ग्रुप एकत्र केल्यावर मीन रेडियस ०.३७ आणि ०.३८.

२० सप्टेंबर

चारही लोड वहीत पक्के लिहिले, प्रत्येकाच्या पुढे पावडरचा लॉट नंबर, बुलेटचा लॉट, प्रायमर, पुंगळी किती वेळा उडलीय, खांद्याचं माप, बुलेटचं ओजाइव्हपासूनचं (ती टोकाकडे निमुळती होते तिथपासूनचं) माप, तापमान, वेग. ग्रुपचा फोटो चिकटवला, सगळ्यात छोट्याचा नाही, सगळ्या गोळ्या एकत्र केलेल्याचा.

पावडरचा लॉट बदलला की वेग बदलू शकतो, तेव्हा नवीन डबा उघडल्यावर थोडं खालून सुरू करून क्रोनोग्राफवर जुना वेग गाठायचा, ग्रुप पुन्हा शोधत बसायचं नाही. ६.५ चं बॅरल दोन-तीन हजार राउंडांत घशाशी (चेंबरच्या लगेच पुढे) झिजतं, त्यामुळे दर काही शे राउंडांनी लँडचं (आट्यांच्या सुरुवातीचं) अंतर मोजून लिहायचं. गरँडच्या पुंगळ्या पाच वेळा उडाल्या की बाद करणार, ती रायफल पितळाला फार आपटते.

३०८ च्या बुलेट एकाच लॉटच्या १००० मागवल्यात, पुढच्या आठवड्यात येतील. आल्या की आधी दहा.